बालकांची हरपलेली निद्रा : मावळ-लोणावळा परिसरातील अनुभव आणि आपले दायित्व

लोणावळा, कामशेत, पवनानगर या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या आम्हां वैद्यांस सोमवारची सकाळ न सांगता ओळखू येते. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात बालरुग्ण अधिक असतात आणि त्यांच्या तक्रारी एकाच साच्यातल्या असतात. भूक नाही, चिडचिड आहे, डोके दुखते, पोट साफ नाही, रात्री दचकून उठतो, सकाळी उठवले तर उठत नाही. ज्वर नसतो, जिह्वा किंचित साम असते, डोळ्यांखाली काळसर छाया असते. आरंभी आम्हीही अग्निमांद्य समजून दीपन-पाचन देत असू व चार दिवसांनी मूल बरे झाले की आपल्या चूर्णाला श्रेय देत असू. पुढे ध्यानात आले की औषध न दिलेली मुलेही गुरुवारपर्यंत बरी होतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येतात. मग शनिवार-रविवारी या घरांत नेमके काय घडते, हे विचारण्याची बुद्धी झाली.

उत्तर अवघड नव्हते. यांतील पुष्कळ मुले बंगल्यांच्या राखणदारांची, रिसॉर्टमध्ये स्वयंपाक वा साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची, पवना जलाशयाच्या काठी तंबू लावणाऱ्या तरुणांची, पर्यटकांना फिरवणाऱ्या वाहनचालकांची होती. शनिवारची रात्र हा त्यांच्या आईवडिलांच्या कमाईचा काळ. बंगल्याच्या मागच्या बाजूस असलेली राखणदाराची खोली आणि पोहण्याच्या तलावाकाठी लावलेले ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये बहुधा एक भिंत असते. पाहुणे मध्यरात्रीनंतर चहा मागतात, बर्फ मागतात. आई उठते आणि तिच्यासोबत मूलही उठते. रविवारी दुपारी ते मूल पाच-पाच तास झोपते, रात्री मग झोप येत नाही, आणि सोमवारी पहाटे शाळेची गाडी दारात येते.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे चरकाचार्यांचे मत आपल्यापैकी कोणास नवे नाही. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पहिल्या स्तंभाविषयी आपण तासभर बोलतो आणि दुसऱ्याविषयी ‘झोप कशी आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारून ‘बरी आहे’ हे उत्तर टिपून घेतो. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रेचा विचार अतिस्थूल आणि अतिकृश यांच्या विवेचनास जोडून आला आहे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पुष्टी आणि कार्श्य, बल आणि दौर्बल्य, ज्ञान आणि अज्ञान, इतकेच नव्हे तर जीवित आणि मरणही तेथे निद्रेच्या अधीन सांगितले आहे. वाढीच्या वयात याचा अर्थ अधिकच गंभीर होतो. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही हेच सांगते की वाढीस कारणीभूत होणाऱ्या अंतःस्रावाचे स्रवण गाढ निद्रेच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते, आणि दिवसभरात शिकलेले मेंदूत स्थिरावण्याचे कार्य निद्रेतच होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या बालकास दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या बालकास १० ते १३ तास निद्रा आवश्यक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी निद्रातज्ज्ञ ९ ते १२ तास सांगतात. आता आमच्या परिसरातील पाच वर्षांच्या एखाद्या मुलाचा हिशेब मांडून पाहावा. रात्री साडेअकराला डोळा लागतो, पावणेसहाला उठवले जाते. सव्वासहा तास झाले. दुपारचा दीड तास धरला तरी पावणेआठ. म्हणजे न्यूनतम गरजेपेक्षाही रोज सव्वादोन तासांची तूट. ही तूट आठवड्यात पंधरा तासांच्या पुढे जाते. रविवारच्या एका लांब झोपेने ती भरून निघेल, असे मानणे म्हणजे सहा दिवसांचे लंघन एका मेजवानीने भरून काढण्यासारखे आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी यासाठी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला व तो २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. बालकांची निद्रा हा विषय शासनाच्या आदेशात येणे ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. पण त्याच्या मर्यादा आपण वैद्यांनी तरी ओळखल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा व्यवहारातील आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांस एकाच इमारतीत सर्व वर्ग बसवणे कठीण जाते. शाळेच्या वाहनांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. नोकरी करणाऱ्या पालकांना मुलास शाळेत पोहोचवूनच कामावर जायचे असते. अडचण असलेल्या शाळांस सवलतीची वाटही ठेवलेली आहे. त्यामुळे नऊच्या आतच भरणारे वर्ग आजही आढळतात. मावळातील खेड्यांत जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा उन्हाळ्याचे दिवस वगळता पूर्वीपासूनच उशिरा भरत. तेथे या आदेशाने फारसे काही पालटले नाही. आणि तरीही तेथील मुले वर्गात पेंगतात, हे शिक्षकच आम्हांस सांगतात. तेव्हा दोष केवळ सकाळच्या घंटेचा नाही.

दुसरी मर्यादा मूलगामी आहे. निद्रेला दोन टोके असतात. शासनाने सकाळचे टोक हलवले. रात्रीचे टोक घराच्या आणि गावाच्या हाती आहे. नऊची शाळा म्हणून मूल साडेसातला उठले आणि साडेअकरालाच झोपले तर आठ तास होतात; अद्याप दोन कमीच. आणि ‘उद्या शाळा उशिरा आहे’ म्हणून जर साडेबारा वाजले, तर मिळालेल्यातला एक तास हातचा गेला. असे होताना आम्ही प्रत्यक्ष पाहत आहोत.

रात्री होणाऱ्या स्वाभाविक निद्रेस संहितेत भूतधात्री म्हटले आहे, म्हणजे प्राणिमात्राचे धाईप्रमाणे पोषण करणारी. तमोभव, श्लेष्मोद्भव, श्रमजन्य, आगंतुक आणि व्याध्यनुवर्तिनी हे निद्रेचे इतर प्रकार असून ही पदवी त्यांपैकी एकासही दिलेली नाही. दिवसा भरून काढलेली झोप ही रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही, हे आचार्यांनी एका शब्दात सांगून ठेवले. बालकांना दिवास्वापाची मुभा आहे, ती अवश्य द्यावी. पण दुपारच्या जेवणानंतर. सायंकाळी पाच ते सात झोपलेले मूल रात्री अकराला खेळू लागले तर तो त्याचा दोष नव्हे.

येथे एक विचार मांडावासा वाटतो. बाल्यावस्था कफप्रधान. म्हणजे निद्रा ही बालकाची स्वाभाविक संपत्ती आहे; ती त्याला शिकवावी लागत नाही. वृद्धास झोप लागत नाही तेव्हा वयानेच वाढलेला वात हे कारण पुरेसे ठरते. परंतु कफाच्या वयात निद्रानाश होत असेल तर वैद्याने थबकले पाहिजे. एक तर बाहेरून काही तरी वाताला चाळवत आहे, किंवा कफच मर्यादेबाहेर जाऊन मार्ग अडवत आहे. चिकित्सेची दिशा या दोहोंत अगदी विरुद्ध होते, आणि आमच्या पाहण्यात चुका येथेच होतात.

दुसऱ्या प्रकाराविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण मावळात तोच पदोपदी भेटतो. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस सर्वांस परिचित आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हे नित्याचे मान. या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, गोधड्या वाळत नाहीत, कपडे घरातच दोरीवर टांगलेले असतात, त्यांना बुरशीचा वास येतो. खिडक्या बंद असतात. आत चूल किंवा शेगडी धुमसत असते, डासांसाठी कॉइल पेटवलेली असते, वर देवापुढची उदबत्ती. चरकाने निद्रानाशाच्या कारणांत भय, चिंता, क्रोध यांच्या जोडीने धूम आणि असुखकर शय्या यांचाही उल्लेख केला आहे. मावळातले पावसाळी घर डोळ्यांपुढे आणले की तो उल्लेख किती व्यवहार जाणणाऱ्याचा आहे ते कळते.

अशा घरातील मुलास प्रतिश्याय होतो आणि तो जात नाही. महिनोन्महिने नाक बंद. तोंड उघडे ठेवून श्वास. तुण्डिकेरी वाढलेली, नाकामागची अॅडेनॉइड ग्रंथी वाढलेली. असे मूल रात्री घोरते, आणि घरातील मंडळी कौतुकाने सांगतात की ‘आजोबांसारखा घोरतो, गाढ झोपतो.’ वैद्यबंधूंनो, लहान मुलाचे रोजचे घोरणे हे गाढ निद्रेचे लक्षण नव्हे. कफाने प्राणवायूचा मार्ग अडवल्यामुळे ते मूल रात्रभर झोपेच्या काठावर झगडत असते. मान मागे टाकून झोपते, घामाने उशी भिजते, मध्येच श्वास क्षणभर थांबतो आणि धसक्याने पुन्हा सुरू होतो. सकाळी तोंड कोरडे, डोके जड. कित्येकदा पूर्वी बंद झालेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होते. मोठा माणूस अपुऱ्या झोपेने दिवसा पेंगतो. मूल मात्र पुष्कळदा उलट वागते. ते अस्थिर होते, एका जागी बसत नाही, मारामारी करते. शाळेतून ‘अतिचंचल’ असा शिक्का घेऊन आलेल्या मुलांपैकी काहींचे नाक आणि घसा पाहिल्यावर निदान बदलले, हा आमचाच नव्हे, या भागातील अनेक समव्यावसायिकांचा अनुभव आहे.

आता अशा मुलास ‘झोप नीट नाही’ एवढ्या तक्रारीवर आपण जटामांसी, अश्वगंधा, दूध-तूप देऊ लागलो तर काय होईल? कफ वाढेल, आवरण दाट होईल आणि मूल अधिक गुदमरेल. निद्राजनक म्हणून महिषीदुग्धास अग्र्यसंग्रहात श्रेष्ठ स्थान आहे, ते खरे. परंतु ते वाताने झोप उडालेल्यासाठी. बंद नाकाच्या, घोरणाऱ्या मुलास रात्री झोपताना म्हशीच्या दुधाचा पेला देणाऱ्या कित्येक माता आम्हांस भेटतात, आणि खेदाने सांगावे लागते की त्यांपैकी काहींना तो सल्ला वैद्यानेच दिलेला असतो. ज्या मुलाचा श्वास झोपेत थांबतो त्यास विलंब न लावता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. त्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. शस्त्रसाध्य व्याधी शस्त्रवैद्याकडे सोपवावेत, ही शिस्त आपल्याच परंपरेची आहे.

वाताच्या बाजूची कारणे मोजावी तेवढी थोडी. भ्रमणध्वनीचा पडदा हे आजचे सर्वांत ठळक. लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली मोठी व भिंग अधिक पारदर्शक असल्याने रात्रीच्या प्रकाशाचा परिणाम त्याच्यावर मोठ्यांपेक्षा अधिक होतो आणि निद्रेची सूचना देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या सूचनांत एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसात एका तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. यावर उपदेश करणे सोपे आहे. पण बंगल्यावर राबणाऱ्या आईने दोन वर्षांच्या मुलास कोणाजवळ ठेवावे? तिने त्याच्या हाती भ्रमणध्वनी दिला तर तो तिच्या बेफिकिरीमुळे नव्हे, विहिरीसारख्या खोल तलावापासून त्याला दूर ठेवण्यासाठी दिलेला असतो. हे एका मातेनेच आम्हांस सुनावले, आणि तेव्हापासून आम्ही उपदेश करण्यापूर्वी घर कोठे आहे ते विचारतो.

तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्या पित्यांची घरे हा वेगळा प्रकार. दुसऱ्या पाळीचा बाप रात्री बाराच्या सुमारास घरी येतो. मूल त्याची वाट पाहत जागते. आईलाही ते बरे वाटते, कारण बापलेकांची भेट तेवढीच. पहिल्या पाळीच्या आठवड्यात हेच घर नऊला झोपते. मुलाचे शरीर कोणत्या घड्याळावर चालावे? अशा कुटुंबांस आम्ही एवढेच सुचवतो की बापाची भेट सकाळी घडवावी. मुलाच्या झोपेची वेळ पाळीप्रमाणे फिरवू नये. काहींनी ते केले आहे.

लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीतील एक निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने, त्यांच्या शिट्ट्या, रात्रभर जाणाऱ्या मालगाड्या, या साऱ्यांत वाढलेली मुले शांत झोपतात. सतत आणि ओळखीच्या ध्वनीस शरीर सात्म्य करून घेते. कधी येईल, किती वेळ चालेल याचा भरवसा नसलेला, भिंती हादरवणारा ध्वनिक्षेपकाचा ठोका मात्र सात्म्य होत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. बंदिस्त सभागृहासारख्या जागांस अपवाद आहे, पण बंगल्याचे उघडे अंगण वा जलाशयाचा काठ बंदिस्त कसा म्हणावा? निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आणि केवळ पाहुण्यांकडे बोट दाखवूनही चालणार नाही. आमच्या गावच्या जत्रेतला रात्रीचा तमाशा-ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या वरातीतील डीजे, पहाटे पाचला कर्ण्यावर लागणारा काकडा, हेही त्याच नियमात येतात. काकड्याला आम्ही स्वतः जातो. कर्ण्याविना तो अधिक गोड वाटतो, हे आमचे वैयक्तिक मत.

याच लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास आरंभला. शहरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे विश्रांतीसाठी येत आली आहेत. पाहुण्याच्या विश्रांतीची किंमत येथील मुलाच्या झोपेने चुकवावी लागावी, ही या गावाची आजची अवस्था आहे.

कृमी आणि पांडुता या दोन कारणांवर लिहिण्यास नवे फार नाही. रात्री गुदकंडूने तळमळणारे मूल पाहावे, नखे पाहावीत, घरातील सर्वांची चिकित्सा एकाच वेळी करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या न्यूनतेने रात्री पायांत अस्वस्थता येते. ‘पाय चेपून दे’ म्हणून रडणारे मूल हट्टी नसून पांडू असू शकते. रात्रीच्या जेवणाऐवजी चहा-बिस्किट, ही सवयही त्याच घरांत दिसते. चहाने झोप उडते ती वेगळी आणि लोहाचे शोषण घटते ते वेगळे.

आता आपल्या स्वतःकडे वळू.

गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूयुक्त बाळगोळी देऊन निजवून जात, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मातांना आपण दोष देत नाही; गोळी विकणाऱ्यांना देतो. आज अफू नाही, पण औषधांच्या दुकानातून सर्दीचे पातळ औषध ‘मूल शांत झोपते’ म्हणून नेले जाते, आणि ते ज्याने गुंगी येते त्याच घटकासाठी नेले जाते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉलमिश्रित खोकल्याच्या औषधाने बालके दगावली, त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे केंद्राने पुन्हा बजावले.

यावर ‘आमची औषधे निर्धोक’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. ते खरे आहे काय? जायफळ बाळगुटीत उगाळले जाते, ते एका-दोन वेढ्यांच्या मात्रेत. झोप येत नाही म्हणून तेच जायफळ वाटीभर उगाळून पाजलेले मूल आमच्याकडे एकदा आले होते. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे, नाडी द्रुत, मूल भ्रमलेले. तातडीने रुग्णालयात हलवावे लागले. मात्रा कोणी सांगितली, याची चौकशी केली तेव्हा एका वैद्याचेच नाव पुढे आले. ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. पारसिक यवानी, म्हणजे खुरासनी ओवा, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मधील विषद्रव्यांत आहे. तरीही निद्रेसाठीच्या तयार कल्पांत ती असल्याचे न पाहता आपण मुलांना तो कल्प देतो. वर्षाखालील बालकास मध देऊ नये, या आधुनिक बालरोगतज्ज्ञांच्या इशाऱ्याकडे तर आपण परंपरेच्या अभिमानाने पाठ फिरवतो. बोट्युलिझमचा धोका दुर्मीळ आहे, पण तो घडतो तेव्हा जीवघेणा असतो. लेहनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी निदान यावर जाहीर चर्चा करावी, एवढी आमची मागणी आहे.

बालकास निद्रा आणणारे औषध लिहिण्यापूर्वी वैद्याने त्याचे नाक, घसा, कान, उदर, गुद आणि नखे पाहिली पाहिजेत, आणि मुलाच्या झोपेचा सात दिवसांचा तक्ता पालकांकडून मागितला पाहिजे. त्याविना दिलेले निद्राकर औषध ही चिकित्सा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. न बोलणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी यासाठी काश्यपसंहितेत स्वतंत्र वेदनाध्याय आहे. हात कानाकडे नेणारे, डोके हलवणारे, न झोपणारे बालक कर्णशूलाचे असते, इतक्या बारकाईने तो लिहिला आहे. ग्रंथ आपला असून त्याप्रमाणे तपासणे मात्र आपण सोडले.

रात्री किंचाळून उठणाऱ्या मुलांविषयीही दोन शब्द. झोप लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकाएकी ओरडते, डोळे उघडे पण ओळख नाही, घामाघूम. थोड्या वेळाने पुन्हा झोपते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात, दृष्ट काढतात, देवऋषीकडे नेतात. दृष्ट काढल्याने हानी नाही. आईचे मन शांत होत असेल तर आम्ही आड येत नाही. हानी होते ती मुलास गदागदा हलवून, तोंडावर पाणी मारून जागे करण्याने. बालकास एकाएकी जागे करू नये, धाक दाखवू नये, असे सुश्रुताने शारीरस्थानात बजावले आहे. आणि राक्षस-पिशाचांची नावे घेऊन मुलास भिववू नये, असे चरकाने. ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे वाक्य ज्या घरात रोज उच्चारले जाते, तेथेच मूल रात्री दचकते, यात नवल कसले? अपुऱ्या झोपेने हे प्रसंग वाढतात. झोपेची वेळ तासभर अलीकडे आणली की पुष्कळदा थांबतात. मात्र झटका एकाच प्रकारचा वारंवार येत असेल, एका बाजूचा हात-पाय थरथरत असेल, तर अपस्माराची शंका घेऊन पुढील तपासणी करावीच.

वातजन्य निद्रानाशात संहितेतील उपचार किती साधे आहेत! अभ्यंग, कोमट स्नान, पायांस व टाळूस तेल, साळीचा भात, दूध, मृदू स्वच्छ अंथरूण, मनास रुचणारा शब्द आणि ठरलेली वेळ. मावळात इंद्रायणीचा भात घरोघरी आहे, तिळाचे वा खोबऱ्याचे तेल आहे. सायंकाळी सातला ऊन-ऊन मऊ भात, आठला तळपायांस तेल, साडेआठला दिवा मालवणे, एवढ्यावर तीन आठवड्यांत सुधारलेली मुले आमच्या नोंदीत आहेत. यास कोणी औषध म्हणत नाही आणि म्हणून यात मिळकतही नाही. तपासणी शुल्क घेऊन तेल चोळायला सांगणारा वैद्य पालकांस थोडा विचित्रच वाटतो, हेही आम्ही अनुभवले आहे.

संघटनेच्या तालुका शाखेने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच, अंगणवाडी सेविकांसोबत बसून घोरणारी, तोंडाने श्वास घेणारी मुले ओळखण्याची माहिती द्यावी. सेविकांना गावातील प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असते, आपल्याला नसते. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांबाबत नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि पोलीस ठाणी यांस वैद्यकीय कारणे देऊन लेखी निवेदन द्यावे व त्यात आपल्या गावच्या जत्रांचाही समावेश करावा, म्हणजे निवेदन पक्षपाती ठरणार नाही. आणि बंगलेमालकांस विनंती करावी की राखणदाराच्या घरात लहान मूल असेल तर त्याची खोली तलावापासून दूर असावी. ही शेवटची सूचना आमच्या काही मित्रांस हास्यास्पद वाटली. त्यांचे म्हणणे असे की पर्यटनावर गाव जगते, मालक दुखावला तर राखणदाराचीच नोकरी जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच हे एकट्या राखणदाराने मागू नये, संघटनेने मागावे, असे आम्हांस वाटते.

खंडाळ्याच्या बाजूच्या एका बंगल्यातील चार वर्षांची मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे सलग पाच सोमवार आली होती. कृश, चिडखोर, रात्री तीन-चारदा उठणारी. नाक-घसा स्वच्छ, कृमी नव्हते, पांडुता सौम्य होती. आम्ही लोहकल्प दिला आणि सहाव्या खेपेस औषधाच्या कागदावरच मालकांस उद्देशून चार ओळी लिहिल्या. चिठ्ठी पोहोचली किंवा नाही, कळले नाही. दोन महिन्यांनी आई भेटली तेव्हा म्हणाली, ‘खोली तीच आहे, पण साहेबांनी दहाला गाणी बंद करायची पाटी लावली आहे. कोणी पाळतात, कोणी नाही.’ शनिवारी ती आता मुलीला पलीकडच्या गावात आजीकडे नेऊन ठेवते आणि रविवारी दुपारी परत आणते. मुलीचे वजन वाढले आहे.